तिच्याही नावाचा पुरस्कार

मैत्रिणींनो, आमच्या कोल्हापुरात पेठांचे फुटबॉल सामने लागले, की शाहू स्टेडियम फुलून जातं. पोरं खेळतात, आणि चिखलाने माखलेले मोजे आपण धुतो! म्हणूनच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या वार्षिक पुरस्कारांची बातमी मी हटकून वाचते. त्यात बायकांचीही नावं असतात ना!

ती सुरुवातीपासून नव्हती बरं का. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९९२ चा. पहिला मानकरी केरळचा आय. एम. विजयन. महिलांसाठी मात्र २००१ साल उजाडावं लागलं. तो मिळाला मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवीला. लहानपणी मुलांच्यात खेळलेली ही पोर पंधराव्या वर्षी भारताकडून उतरली. २०१३ मध्ये हा मान पुन्हा तिलाच. बारा वर्षांनी! पुढे २०२० मध्ये पद्मश्रीही मिळाली.

नंतरच्या मानकरी बघा. सलग दोनदा, २०२१-२२ आणि २०२२-२३ साठी, पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली मनीषा कल्याण. २०२३-२४ साठी इंदुमती कथिरेसन, तामिळनाडू पोलिसांतली उपनिरीक्षक. २०२४-२५ साठी तेलंगणातल्या निझामाबाद जिल्ह्यातली सौम्या गुगुलोथ. कुणी खेड्यातली, कुणी नोकरी सांभाळून खेळणारी. आपल्यासारख्याच घरांतल्या या मुली.

तुम्ही म्हणाल, ट्रॉफीने का पोट भरतं? नाही भरत. पण आमच्या शेजारची सातवीतली पोर शाळेच्या संघात निवडली गेली, तेव्हा घरात पहिलं वाक्य काय आलं? "उन्हात काळी पडशील, पाय मोडला तर लग्न कोण करणार?" आणि दुसरं, "बाहेरगावी पाठवायचं, पण कुणाच्या भरवशावर?"

हा दुसरा प्रश्न खोटा नाही. म्हणून मला प्रशिक्षक महिलांचा पुरस्कार जास्त मोलाचा वाटतो. २०२२-२३ चा प्रिया पी. व्ही. यांना मिळाला, २०२३-२४ चा शुक्ला दत्ता यांना. मैदानावर शिट्टी घेऊन एखादी बाई उभी असली, की आईचा जीव निम्मा भांड्यात पडतो.

जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्यांनाही कुणीतरी "जा, खेळ" म्हटलंच असेल ना? तुमच्या लेकीच्या शाळेत मुलींचा संघ आहे का, पुढच्या पालकसभेत एवढं तरी विचारा. नसेल, तर का नाही, हेही विचारा!