आधी माती, मग भाजी

कॉलनीच्या मोकळ्या जागेत चार घरांनी मिळून भाजी लावायची ठरवली, की आधी बियाण्यांची पाकिटं येतात. खरी सुरुवात मातीपासून करायची असते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर हेच सांगत असत. स्वतः करून बघायचं आणि अनुभव दुसऱ्याला सांगायचा, ही त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ची रीत सामाईक बागेलाही लागू पडते.

जागेच्या मालकाची किंवा महापालिकेची परवानगी घ्या. सहा तास ऊन आणि जवळ पाणी आहे ना, तेही बघा.

दाभोळकरांचा विचार पुढे नेणाऱ्या दीपक सचदे यांची माती करायची पद्धत सोपी आहे. १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ आणि १० लिटर पाणी एकत्र करून तीन दिवस ठेवा, रोज तीनदा ढवळा. मग त्यात दहापट पाणी घाला. हे झालं अमृतजल. त्यात वाळका पालापाचोळा चोवीस तास भिजवा. रसाच्या गाड्यावरचं चिपाडही बारीक करून चालतं. भिजलेला पाला आणि मूठमूठ माती असे थर देत फूटभर उंचीचा ढीग लावा. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो.

ढीग सावलीत झाकून ठेवा, आठवड्याला एकदा वरखाली करा. मूठभर उचलून दाबा: पाणी टपकलं तर ओल जास्त, मूठ उघडताच सगळं विस्कटलं तर कमी. आंबूस वास आला तर हवा कमी पडतेय, लगेच चाळवा. पहिल्या पावसासारखा वास आला की पेरायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये ढीग लावला तर मृगापर्यंत त्या मातीचे वाफे तयार होतात. कोल्हापूरच्या पावसात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून वाफे उंच ठेवा आणि कडेने चर काढा. पावसाळ्यात दोडका, कारली, भेंडी लावा. दसऱ्यानंतर मेथी, चाकवत, कोथिंबीर.

वाफा ज्याचा त्याचा; ढीग, पाणी, खुरपी सगळ्यांची. पाण्याची पाळी फळ्यावर लिहा. गावाला जाणाऱ्याने शेजाऱ्याला सांगून जायचं, आणि दुसऱ्याच्या वाफ्यातलं विचारल्याशिवाय खुडायचं नाही. एक सामाईक वहीही ठेवा: काय कधी पेरलं, कीड कधी पडली, पहिला तोडा कधी मिळाला. एका घराच्या भेंडीवर मावा दिसला, की बाकीच्यांना त्याच दिवशी आपली पानं उलटून बघता येतात. चार घरांनी एकत्र येण्याचा खरा फायदा हाच.