वालिदांच्या नावावरचे दुकान विकताना

आपल्या पुष्कळ व्यापारी बांधवांची दुकाने अजून मरहूम वालिदांच्याच नावावर आहेत. असे दुकान विकायला निघाले की घरात हिश्शांची चर्चा रात्र रात्र चालते, कराची आठवण मात्र सौदा झाल्यावर होते.

वारशात दुकान मिळाले तेव्हा कर नसतो. तो विकताना, भांडवली नफ्यावर लागतो. दुकान आपल्याला फुकट मिळाले म्हणून किंमत शून्य धरायची, हा समज चुकीचा आहे. वालिदांची खरेदी तीच आपली खरेदी. ती 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. मात्र तो त्या वेळच्या सरकारी मुद्रांक दरापेक्षा जास्त नको. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला सौद्याआधीच घ्यावा.

समजा, 1988 साली 60 हजारांत घेतलेले दुकान डिसेंबर 2025 मध्ये 40 लाखांना विकले. 60 हजारच धरले तर साडेबारा टक्क्यांनी कर 4 लाख 92 हजार होतो. 2001 चा भाव 6 लाख निघाला तर 4 लाख 25 हजार. 23 जुलै 2024 पूर्वीच्या मालमत्तेला महागाई निर्देशांकाची जुनी वाटही खुली आहे. 6 लाखांचे 376 निर्देशांकाने 22 लाख 56 हजार होतात, उरलेल्या नफ्यावर 20 टक्के म्हणजे सुमारे 3 लाख 49 हजार. (उपकर वेगळा.) एका दाखल्याने केवढा फरक पडला पाहा! दुकानावर दरसाल घसारा घेतला असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. हिंदू एकत्र कुटुंबाची सोय आपल्याला नाही. शरियतप्रमाणे ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा नफा त्याच्या नावे. दोन भाऊ व एक बहीण असतील तर बहिणीचा पाचवा हिस्सा. तिला दुसरे उत्पन्न नसेल तर करमुक्त मर्यादेचा, नव्या पद्धतीत 2025-26 साठी 4 लाखांचा, लाभ तिच्या नफ्याला मिळतो. थोरल्या भावाने सगळी रक्कम आपल्याच खात्यात घेतली तर हा लाभ तर जातोच, वर बहिणीचा हक्कही अडकतो.

कर वाचवायला सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोखे घेता येतात, पण त्यांवर व्याज येते. ज्यांना ते नको, त्यांनी दोन वर्षांत राहते घर घ्यावे. पूर्ण सवलतीसाठी नुसता नफा नव्हे, विक्रीची सगळी निव्वळ रक्कम त्यात घालावी लागते.