लोखंडाचे चुंबकत्व : कशावरून?

काळेवाडीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये चुंबक फिरवून पाहा. लोखंडाचा कीस चिकटतो, तांब्याचा नाही. इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणधर्माच्या दिशा दोन : वर व खाली. तांब्यात दोन्हींची संख्या समान असते. चुंबकित लोखंडात एका दिशेचे इलेक्ट्रॉन जास्त असतात.

हे कशावरून? निर्वात पात्रात चुंबकित लोखंडाच्या स्वच्छ पृष्ठभागावर अतिनील प्रकाश टाकतात. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. याला फोटोएमिशन म्हणतात. इंदूरच्या ‘इंडस-१’ या १९९९ साली सुरू झालेल्या केंद्रात त्यासाठी खास व्यवस्था उभारली गेली. स्पिन ओळखण्यासाठी हेच इलेक्ट्रॉन सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडतात. एका स्पिनचे डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे अधिक विखुरतात. दोन्हीकडची मोजणी हाच पुरावा.

म्हणून पाठांतरावर थांबू नका, ‘कशावरून?’ असे जरूर विचारा.