फाट्यांच्या पाइपलाइनचा हिशोब : कोणते सॉफ्टवेअर कशासाठी?



भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दोन्ही काठांवरून पाणी उचलून लांबच्या उसाला नेणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. पाच-दहा जणांनी मिळून मोटर बसवायची, एक मेन लाइन टाकायची आणि तिला फाटे काढायचे, ही आपली जुनी रीत. आता त्याच लाइनवर ठिबक आले. तक्रार मात्र जुनीच आहे. वरच्याला पाणी धो-धो, शेवटच्याचा ऊस वाळतो, आणि खर्चाचा वाटा दोघांनाही सारखाच. पाइप एकदा गाडला की भांडून दाब वाढत नाही. म्हणून हिशोब आधी व्हावा.

एका पाइपातून दुप्पट पाणी नेले तर घर्षणात जाणारा दाब सुमारे साडेतीन पट होतो. व्यास निम्मा केला तर तो २९ पटींच्या घरात जातो. फाट्यांच्या लाइनीत दर फाट्याला पाणी कमी होते, म्हणून प्रत्येक तुकड्याचे गणित निराळे. क्रिस्टियानसेन यांनी १९४२ साली यावर सोपा गुणक दिला. सारख्या अंतरावर सारखे पाणी घेणारे पुष्कळ फाटे असतील, तर साध्या पाइपाच्या घटीला सुमारे ०.३६ ने गुणावे.

उदाहरण घेऊ. सपाट रानात १०० मीटर सबमेन, सुरुवातीला सेकंदाला ५ लिटर पाणी, दाब १० मीटर. पाइप आतून ७० मिलिमीटर असेल तर शेवटी ९.२ मीटर दाब उरतो. आतून ५८ असेल तर ८ मीटरच. साधा ड्रिपर तोंडाशी तासाला ४ लिटर देत असेल, तर शेवटी पहिल्या पाइपावर ३.८ आणि दुसऱ्यावर ३.६ लिटर देईल. पाइपात वाचवलेले पैसे शेवटच्या सरीतून वसूल होतात ते असे.

एवढे गणित वहीवर किंवा एक्सेलमध्ये होते. फाट्याला पोटफाटे आणि रानाला चढउतार आला की सॉफ्टवेअर लागते. तेव्हा काम पाहून निवड करावी.

पाइप कोणते घ्यायचे हेच ठरायचे असेल, तर मुंबईच्या आयआयटीने केलेले ‘जलतंत्र’ पाहावे. ते मुळात गावांच्या नळयोजनांसाठी आहे. प्रत्येक टोकाला किमान किती दाब हवा ते सांगितले की बाजारात मिळणाऱ्या व्यासांतून कमी खर्चाची जोडणी ते काढून देते.

पाइप ठरले आहेत किंवा गाडलेले आहेत, आणि कोणाला किती पाणी मिळेल ते पाहायचे आहे, तर ‘ईपानेट’ घ्यावे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ते १९९३ मध्ये काढले. ते फुकट मिळते. मात्र एक मेख आहे. फाट्यावरची मागणी ठरीव आकड्याने भरली, तर दाब नसतानाही कागदावर पाणी पोचल्याचे दिसते. म्हणून ठिबकाचे फाटे त्यात ‘एमिटर’ म्हणून भरायला सांगावे. मग दाब घटला की पाणीही घटलेले दिसते.

एखाद्या जोडाच्या आत पाणी कसे वळते, भोवरे कुठे होतात, हे दाखवणारी ‘ओपनफोम’सारखी भारी साधनेही आहेत. ती यंत्र बनवणाऱ्यांच्या कामाची. आपल्या रानासाठी त्यावर पैसे घालू नयेत.

कोणतेही सॉफ्टवेअर आपण भरू तेच दळते. नदीपासून प्रत्येक फाट्यापर्यंतची उंची लेव्हल लावून मोजावी. १० मीटर चढाला १० मीटर दाब जातोच. मोटरचा खरा विसर्ग घ्यावा. आणि पीव्हीसी पाइपावर लिहिलेला ६३ किंवा ७५ हा बाहेरचा व्यास असतो. हिशोबात आतला भरावा.

आमचे सांगणे एवढेच. अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी प्रत्येक फाट्याचा दाब आणि विसर्ग दाखवणारा कागद मागा. तो सगळ्या भागीदारांसमोर वाचा, आणि वाचायला सुरुवात शेवटच्या फाट्यापासून करा.