सुनेला दोष देण्यापूर्वी रक्तगट पाहा!

मध्यंतरी मोहन्यातील एक कुटुंब आमच्याकडे सोडचिठ्ठीचे कागद करून घ्यायला आले. सासूबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, हिच्या अंगातच खोट आहे. पहिली पोरगी जगली, पण दुसरं लेकरू कावीळ होऊन दोन दिवसांत गेलं. भगताचे उंबरे झिजवले, काही उपयोग नाही." सून खाली मान घालून बसली होती. आम्ही बाळंतपणाची फाईल मागितली. पहिल्याच पानावर तिचा रक्तगट होता, ओ निगेटिव्ह. नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणानंतर द्यावयाच्या इंजेक्शनची नोंद मात्र फाईलमध्ये कुठेच नव्हती.

आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. रक्तातील आर-एच घटकाचा शोध 1940 साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी जाहीर केला. आपल्या देशात शंभरांत साधारण पाच माणसे निगेटिव्ह असतात. हा रोगही नव्हे आणि दोषही नव्हे. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप सुटते. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी मात्र तीच प्रतिद्रव्ये फोडतात. मग पंडुरोग, तीव्र कावीळ, कधी मृत्यू. यावर अँटी-डी इंजेक्शन 1968 पासून उपलब्ध आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर ते प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत द्यायचे असते. गरोदरपणाच्या 28व्या आठवड्याच्या सुमारासही देतात. गर्भपात झाला तरी त्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली की इंजेक्शनाचा उपयोग नाही. म्हणून वेळ महत्त्वाची!

याच सुनेने दुसऱ्या खेपेला पाळीची तारीख येण्याआधीच घरी किटवर चाचणी केली. एकच रेघ आली. 'नाही' समजून ती स्वस्थ बसली आणि दवाखान्यात गेली पाचव्या महिन्यात. किट लघवीतील एचसीजी हे संप्रेरक शोधते. सुरुवातीला त्याचे प्रमाण इतके कमी असते की किटला ते सापडत नाही. खोक्यावरचे 99 टक्के योग्य वेळी, योग्य रीतीने केलेल्या चाचणीसाठी आहेत. म्हणून पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करावी. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. दुसरी रेघ फिकट असली तरी ती 'होय'च समजून दवाखाना गाठावा. चाचणी 'होय' आली आणि पोटात दुखत असेल, रक्त जात असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा एक तासही दवडू नये. रक्तगट कोणताही असो, किटच्या निकालात फरक पडत नाही; आणि किट रक्तगट सांगतही नाही. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी लागते.

आता लग्नाच्या बायोडाटावर रक्तगट छापतात. चांगले आहे. पण मुलगी निगेटिव्ह म्हणून नाकारणे, किंवा दोघांचा गट एकच म्हणून स्थळ मोडणे, ही नवी पत्रिकाच झाली. गट सारखा असल्याने मुले अपंग होत नाहीत. माणसाला माणसापासून तोडणाऱ्यांनी रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारल्या. रक्तपेढीच्या पिशवीवर मात्र गट लिहिलेला असतो, जात नाही. 1952 साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' हा दुर्मीळ गट जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण या व्यक्तीला त्याच गटाचे रक्त लागते. बाळंतपणाआधी नीट तपासणी का हवी, हे यावरून कळावे.

2009 मध्ये एन.आर.सी. कंपनी बंद पडली आणि मोहने-आंबिवलीतील कित्येक घरांचा पगार थांबला. 'इंजेक्शन महाग, बाहेरून आणा' म्हटले की अशा घरातील माणूस गप्प बसतो. बांधवांनो, गप्प बसू नका! 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत मिळण्याचा गरोदर स्त्रीला हक्क आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

सोडचिठ्ठीचे कागद आम्ही केले नाहीत. नवरा-बायकोला तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले. प्रतिद्रव्ये झाल्यावरही लवकर नोंदणी आणि कडक देखरेख असेल, तर पुढचे मूल वाचू शकते. जाताना सासूबाईंनी विचारले, "मग हे आम्हाला तेव्हाच कुणी का नाही सांगितलं?" याचे उत्तर व्यवस्थेने द्यायचे आहे. तोवर आपल्या वस्तीतील प्रत्येक गरोदर लेकीसुनेला आपणच विचारू या : बाई, तुझा रक्तगट कोणता?