विश्लेषण : कुत्रीला ‘पिल्ले न होण्याचे इंजेक्शन’ द्यावे का?

खालापूर तालुक्यातील कुंभिवली असो की शेजारच्या कर्जतमधील एखादे गाव. फार्महाऊसच्या राखणीची आणि घरच्या अंगणातली कुत्री बहुधा मोकळीच फिरतात. मादी माजावर आली, की दारात नरांची झुंड जमते. अशा वेळी ‘ऑपरेशन नको, इंजेक्शन देऊन टाका’ हा मार्ग सोपा वाटतो. तो खरेच सुरक्षित आहे का?

माज किती दिवस टिकतो?

मादी साधारण सहा ते बारा महिन्यांची असताना पहिल्यांदा माजावर येते. पुढे वर्षातून एकदा-दोनदा हे चक्र फिरते. माज सुमारे तीन आठवडे चालतो. पहिले आठ-दहा दिवस रक्तस्राव होतो. नर घुटमळतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. मग रक्ताचा रंग फिका होतो आणि माज संपला असे समजून तिला मोकळे सोडले जाते. गर्भ राहण्याचे दिवस नेमके हेच. पुढे सुमारे ६३ दिवसांत पिल्ले होतात.

तात्पुरते उपाय कोणते?

पहिला उपाय प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा : मेजेस्ट्रॉल या गोळ्या किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे इंजेक्शन. यामुळे माज लांबतो. दुसरा, त्वचेखाली बसवायचे डेस्लोरेलिनचे इम्प्लांट. मात्र वयात आलेल्या मादीत ते सुरुवातीला उलट माज आणू शकते. नको असताना संबंध आलाच, तर ॲग्लेप्रिस्टोन हे गर्भ पाडणारे औषध २४ तासांच्या अंतराने दोनदा टोचतात. यांपैकी कोणताही उपाय पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय करू नये.

महिलांना चालते, मग कुत्रीला का नाही?

सरकारी ‘अंतरा’ इंजेक्शनमध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच असते. परंतु कुत्रीच्या शरीरावर त्याचा परिणाम वेगळा होतो. गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यात जंतू वाढून पू साचतो. हाच ‘पायोमेट्रा’. शिवाय स्तनांत गाठी आणि मधुमेहाचा धोका वाढतो. माज सुरू झाल्यावर किंवा वारंवार दिलेले इंजेक्शन अधिक घातक ठरते. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या तर देऊच नयेत.

धोक्याची लक्षणे कोणती?

माजानंतर किंवा इंजेक्शननंतरच्या काही आठवड्यांत कुत्री सारखे पाणी पिऊ लागली, खाणे सोडले, उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा योनीमार्गातून पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पू बाहेर न येताही आजार असू शकतो. बहुतेकदा गर्भाशय काढावेच लागते. म्हणजे जे ऑपरेशन टाळले तेच, पण आजारी जनावरावर.

मग करायचे काय?

औषधाविना तात्पुरता उपाय एकच : पूर्ण तीन आठवडे कुत्री बंद खोलीत ठेवणे आणि फिरवताना साखळी न सोडणे. अंगणात बांधून ठेवल्याने नर थांबत नाहीत. घरातला नरही, मग तो तिचा भाऊ का असेना, वेगळा ठेवावा. पिल्ले कधीच नको असतील तर माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी करणे उत्तम.

नियम काय सांगतात?

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. भटक्या कुत्र्यांची स्थानिक स्वराज्य संस्थेची. भटकी कुत्री दर काही महिन्यांनी शोधून औषध देणे जवळपास अशक्य असल्याने तेथे शस्त्रक्रियाच उपयोगी पडते. फार्महाऊसचे मालक शहरात राहत असले, तरी ही जबाबदारी राखणदारावर ढकलून संपत नाही.