दृष्टिपटलावरील साखरेची स्मृती

दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल, म्हणजे प्रकाशाचे संवेदन टिपणारा मागचा पातळ पडदा, हळूहळू बिघडत जातो हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु हा बिघाड रक्तातील वाढलेल्या साखरेमुळेच होतो, की मधुमेहासोबत आनुवंशिकतेने येणारा तो एक वेगळाच दोष आहे, याविषयी तज्ज्ञांमध्ये अनेक दशके मतभेद होते. दुसरे मत खरे ठरले असते, तर डोळे वाचवण्यासाठी साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवण्याच्या खटाटोपाला फारसा अर्थ उरला नसता.

या वादाला निर्णायक वळण मिळाले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रोनाल्ड एंगरमन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करणारे अ‍ॅलोक्झन हे रसायन देऊन निरोगी कुत्र्यांमध्ये मधुमेह निर्माण केला जात असल्यामुळे आनुवंशिकतेचा प्रश्नच तेथे उरत नव्हता. एका गटाची साखर इन्सुलिनने चांगली नियंत्रित ठेवली, दुसऱ्याची वाढलेली राहू दिली, आणि पाच वर्षांनी दृष्टिपटले तपासली. अशा तपासणीत दृष्टिपटल ट्रिप्सिन या पाचक विकराच्या द्रावणात ठेवतात. त्यात चेतापेशींचे थर विरघळून जातात आणि काचपट्टीवर केवळ रक्तवाहिन्यांचे जाळे उरते. त्याला रंग दिला की केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी कोठे नाहीशा झाल्या, भिंतीला सूक्ष्म फुगे कोठे आले आणि कोणत्या नळ्या पेशीविरहित होऊन निकामी झाल्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही विकृती मुख्यतः अनियंत्रित गटात आढळली. पुढे मधुमेह नसलेल्या कुत्र्यांना गॅलॅक्टोज ही दुसरीच साखर मोठ्या प्रमाणात खाऊ घातली, तेव्हाही तशीच विकृती उद्भवली आणि साखरेच्या आधिक्यावरचा संशय अधिकच दृढ झाला.

तरीही १९८७ साली एंगरमन आणि टिमथी कर्न यांनी मांडलेला निष्कर्ष अधिक मोलाचा मानायला हवा. या प्रयोगात कुत्र्यांची साखर आधी अडीच वर्षे वाढलेली ठेवून नंतरची अडीच वर्षे चांगली आटोक्यात आणली होती. पहिल्या टप्प्याच्या अखेरीस दृष्टिपटल जवळपास निर्दोष होते. विकृती ठळक झाली ती नंतर, साखर नियंत्रणात असताना. रेणू कोवलुरू यांच्या उंदरांवरील अभ्यासातही दोन महिन्यांच्या अनियंत्रित मधुमेहानंतर सुरू केलेल्या नियंत्रणाने दृष्टिपटलातील रासायनिक ताण कमी झाला, मात्र सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्या नियंत्रणाचा तसा उपयोग झाला नाही.

प्राण्यांच्या या पुराव्याला मर्यादा आहेत. माणसाला अंधत्वाकडे नेणारी नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याची अवस्था मधुमेही उंदरांमध्ये सहसा येत नाही, आणि बारीक पाहण्यासाठी माणसाच्या दृष्टिपटलावर असणारा पीतबिंदूही त्यांना नसतो. म्हणूनच अमेरिका व कॅनडातील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील डीसीसीटी या चाचणीचे महत्त्व मोठे आहे. १९९३ साली जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्यांमध्ये काटेकोर नियंत्रणामुळे दृष्टिपटलविकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आरंभी काटेकोर नियंत्रण लाभलेल्यांचे डोळे पुढेही अनेक वर्षे तुलनेने सुस्थितीत राहिले. कुत्र्यांमध्ये दिसलेली ही ‘चयापचयी स्मृती’ पेशींमध्ये नेमकी कोठे साठते, याचा शोध आता पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये आणि जनुकांवर उमटणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये घेतला जात आहे.